बालाची वेणी

१

दुकान उघडलं की मी आधी सोल्डरिंग गन तापायला लावतो आणि मग भिंतीवरच्या पार्श्वनाथांना हात जोडतो. आई म्हणते, क्रम उलटा पाहिजे. पण गनला तापायला पाच मिनिटं लागतात आणि भगवंतांना कसली घाई नसते.

सांगलीच्या वखारभागात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एक शटर, एक लांब फळी, पोटं उघडी टाकून पडलेले आठ-दहा टीव्ही. या धंद्यानं मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे डब्यात भूत नसतं, डब्यात सुटलेला सांधा असतो. 'आमचा टीव्ही आपोआप लागतो वो' म्हणत कुणी घाबरून आला की मी मागचं झाकण काढतो आणि जळकी वायर त्याच्या हातात ठेवतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी भोळा समजू नये.

नव्याण्णव सालच्या श्रावणात राजरत्न दुकानात आला. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. त्यानं नुकतंच कॉलेजजवळ गेम पार्लर काढलं होतं.

"सुकू, तुज्याकडं ती चौघांची कॅसेट हुती बघ. हाय का अजून?"

"कशाला रं?"

"पोरं सगळी मारामारीच्या गेमवर पडल्यात. म्हटलं, जुनं लावून बघावं. आपल्याला त्यो गेम लय भारी वाटायचा, गड्या. आता कसा वाटतोय? टिकलाय का म्हातारा झालाय? तू आधी बघ आनि सांग."

"बघतो," मी म्हणालो.

बघायचं काही नव्हतंच. कॅसेट फळीखालच्या सगळ्यात खालच्या खणात, रुमालात गुंडाळलेली होती. सहा वर्षं मी ती उघडली नव्हती. आणि सहा वर्षं मी घरी सांगत आलो होतो, की ती फेकून दिली.

२

नव्वद साली आमचे मामा मस्कतहून आले ते टीव्हीला जोडायचा गेम घेऊन. आमच्या समडोळी गावात तेव्हा तसला गेम आमच्याच घरी. बाकीच्या कॅसेटींत धावायचं आणि गोळ्या घालायच्या. ही एकच वेगळी होती. हिच्यात चालायचं. चार माणसं एकामागं एक, मुंग्यांसारखी, या गावातून त्या गावात जायची. लोकांना विचारायचं, रस्ता शोधायचा, धर्मशाळेत झोपायचं. झोपलं की खेळ तिथंच जपून राहायचा. कॅसेटच्या पोटात बटणाएवढा सेल असतो, तो ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी लावा, चौघं त्याच धर्मशाळेत उभी.

चौघांना इंग्रजीत जास्तीत जास्त चार अक्षरांची नावं द्यायची होती. पुढं बाला, माझी मोठी बहीण चंदनबाला. तिच्यामागं सुकू, मग राजू, म्हणजे राजरत्न. चौथं कोण, म्हणून आम्ही आईला घेतलं. आई चुलीपुढून ओरडली, "मला कशाला घेताय त्यात? मला न्हाई चालवत."

वाटेत मधूनच राक्षस, लांडगे, सापळे आडवे यायचे. मग एक चौकट उघडायची: लढा, मंत्र, पळा. बाला दर वेळी बाण 'पळा'वर न्यायची. एकदाही तिनं 'लढा' दाबलं नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पंडितजींनी पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली होती. एका राजानं खरा कोंबडा नको म्हणून पिठाचा केला आणि तो बळी दिला, तरी त्याला कित्येक जन्म भोगावं लागलं, कारण हातानं नसला तरी मनानं त्यानं कोंबडा मारलाच होता. ती गोष्ट बालाच्या डोक्यात पक्की बसलेली.

"अगं, ठिपकं हायत नुसतं," मी म्हणायचो.

"आनि कोंबडा? पीठच हुतं की नुसतं."

तिच्यापुढं बोलून जिंकणं अवघड. आम्ही पळत पळत अख्खा मुलूख पालथा घातला. शेवटच्या गावापुढं एक पूल होता आणि पुलावर एक राखणदार. तिथली चौकट वेगळी होती. तिच्यात 'पळा' नव्हतंच. बाला वळली, गावात आली, धर्मशाळेत चौघांना झोपवलं आणि टीव्ही बंद केला. मी म्हणालो, तू बाहेर जा, मी मारतो त्याला. ती म्हणाली, "माजं नाव हाय ना त्यात? मग पाप मलाच."

पूल राहिला तो राहिलाच.

३

त्र्याण्णव साली बालानं दीक्षा घेतली. बावीस वर्षांची होती. घरात कुणी जबरदस्ती केली नाही आणि कुणी अडवलंही नाही. आमच्याकडं मुलगी दीक्षा घेते म्हणाली की रडायचं असतं आणि अभिमानही बाळगायचा असतो. आईनं दोन्ही केलं. मला दोन्ही जमलं नाही.

जायच्या आधी तिनं स्वतःचं सगळं वाटून टाकलं. साड्या चुलत बहिणींना, सायकल शेजारच्या ब्राह्मीला, घड्याळ मला. सगळं संपल्यावर मला म्हणाली, "सुकू, ती कॅसेट राजूला देऊन टाक. माजं म्हनून कायबी मागं ठेवायचं न्हाई."

"ती कवाच बिघडली. फेकून दिली मी."

"खरं?"

"व्हय की."

तिनं मान हलवली. मी आयुष्यात मोजकंच खोटं बोललोय, पण त्यातलं हे सगळ्यात सहज बोललो. मला तिचं काहीतरी पाहिजे होतं. घड्याळ नको होतं. घड्याळ तिनं स्वतः दिलं होतं, म्हणजे ते सुटलेलं होतं. मला न सुटलेलं काहीतरी पाहिजे होतं.

मंडपात तिनं सगळ्या जिवांची क्षमा मागितली. मग केशलोच. बालाची वेणी गुडघ्यापर्यंत यायची. आई दर रविवारी तिला अर्धी वाटी तेल पाजायची. ते केस राख लावून, चिमटीनं, मुळापासून उपटले गेले. मी मंडपाच्या खांबाआड उभा होतो. नंतर आईनं ते केस वारणेत सोडले.

त्या दिवसापासून आमच्या घरात बाला नाही. अमोहमती माताजी आहेत, त्या गावोगाव विहार करतात. भेटल्या तर लांबून 'वंदामि' म्हणायचं. त्या सगळ्यांना 'आपण' म्हणतात, आम्हालाही. 'अरे सुकू' म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. आईही म्हणते 'सुकुमार', तेसुद्धा रागावली की.

४

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी कॅसेट काढली, फुंकर मारली आणि एका जुन्या चौदा इंची टीव्हीला गेम जोडला.

चार सुरांची ती धून वाजली. काय सांगू. राजरत्ननं विचारलं होतं, गेम कसा टिकलाय. खरं सांगायचं तर बरंचसं थकलेलं होतं. माणसं चालतात ती बैलगाडीच्या वेगानं. दर दहा पावलांना कुणीतरी आडवं येतं. लोक तेच तेच वाक्य बोलतात. आजची पोरं दोन मिनिटं बसणार नाहीत. पण एक गोष्ट जशीच्या तशी होती. गावाबाहेर पडलं की ती धून हळू व्हायची आणि चौघं मोकळ्या माळावर एवढीशी दिसायची, तेव्हा वाटायचं की पुढं खरंच कुठंतरी जायचंय. नव्या गेममध्ये हे मला कधी वाटलं नाही. ते म्हातारं झालेलं नव्हतं.

धर्मशाळेत चौघं उभी होती. त्या गेममध्ये माणसं उभी असली तरी पाय हलवत राहतात, जागच्या जागी. बाला पुढं. मी तिला दाराकडं वळवलं, तेव्हा तिची पाठ दिसली.

गेममधल्या बालाला वेणी होती. वेणी म्हणजे काय, पाठीवर दोन काळे ठिपके. आम्ही हसायचो त्याला. आता ते दोन नव्हते. काळी रेघ कमरेच्या खाली गेली होती.

मी हसलो. चित्राला अशी शेपटी येते, एका चित्रामागं दुसरं पुसट चित्र. आमच्या धंद्यात त्याला घोस्टच म्हणतात. केबल बदलली. टीव्ही बदलला. तीन टीव्ही झाले. शेपटी असती तर सुकूलाही आली असती, राजूलाही, दारालाही. रेघ फक्त बालाच्या पाठीवर होती. मग मला वाटलं, मीच विसरलो असेन. नऊ वर्षांपूर्वीचे दोन ठिपके कोण लक्षात ठेवतं?

मंगळवारी पुन्हा लावली. वेणी टाचेला लागली होती.

५

त्या वर्षी अमोहमती माताजींच्या संघाचा चातुर्मास सांगलीतच होता, आमच्या पेठेतल्या बस्तीत. सहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर राहत होती आणि मी गेलो नव्हतो. आईनं शेवटी मला ओढूनच नेलं.

माताजी पाटावर बसल्या होत्या, पांढरी साडी, बाजूला मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. वाळल्या होत्या. आईनं वंदामि केलं आणि पदर डोळ्याला लावला.

"घरी सगळं निर्विघ्न आहे ना?" त्यांनी विचारलं. ते त्या सगळ्यांनाच विचारत होत्या.

"व्हय माताजी," आई म्हणाली. "तुमची तब्येत?"

"शरीराचं काय. या दोन वर्षांत केशलोच जड जातो. आधी नव्हता जात. मुळं सोडत नाहीत, आतून कुणी धरल्यासारखं वाटतं." त्या थोडं हसल्या. मग माझ्याकडं बघितलं. आई दुसऱ्या माताजींकडं वळली होती. आवाज एकदम खाली आला.

"दीक्षेच्या वेळी सगळं दिलं होतं ना रे?"

'ना रे'.

सहा वर्षांनी. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच नजर जमिनीकडं वळवली. माझे कान तापले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे माझ्या बायकोनं वाचलं तरी चालेल. आणि त्याच क्षणी मला कळलं, की हा 'रे' कुठून आला. खालच्या खणातून आला. ती कॅसेट जिवंत आहे तोवर ही थोडीशी माझी बहीण आहे.

खरं सांगायची तीच वेळ होती.

"व्हय माताजी. सगळं दिलं," मी म्हणालो.

६

राजरत्न उत्तर घ्यायला आला. मी टाळाटाळ केली, पण तो फळीवर चढून बसला. "लाव रं. दहा मिनिटं खेळू. मीबी हायच की त्यात."

दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर उसाच्या रसाचं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं. मी कॅसेट लावली. तो धून ऐकून खूश झाला. "आयला! अजून तसाच हाय गड्या. चित्रं गरीब हायत, पन जीव हाय त्यात. नव्या गेमात जीव नसतो बघ." त्यानं चौघांना धर्मशाळेबाहेर काढलं, विहिरीला फेरी मारली, गावातल्या म्हाताऱ्याशी बोलला. मग त्याचा हात थांबला.

बाला विहिरीपाशी होती आणि तिची वेणी तिच्यामागं जमिनीवर होती. सुकू तिच्यावरून चालत होता. राजू चालत होता. आई चालत होती. ती वेणी विहिरीला वळसा घालून, रस्त्यानं मागं, धर्मशाळेच्या दारातून आत गेली होती.

"बालाआक्काचं केस असं हुतं का रं?"

"न्हवतं."

रसवाल्याचं घुंगरू ऐकू येत होतं. मग त्यानं हातातलं यंत्र फळीवर हळूच ठेवलं, झोपलेलं पोर ठेवावं तसं.

"पार्लरला नको ही," तो म्हणाला. "तू बंद कर. आनि सुकू, माताजी इथंच हायत न्हवं? त्यास्नी सांग." तो चहाही न घेता गेला.

मी मात्र मल्टीमीटर घेतला. भीती वाटली की मी मोजमाप करतो. कॅसेट उघडून सेल मोजला. तीन व्होल्टचा सेल दोनावर आला होता. नऊ वर्षं चालला होता, हेच नवल. आज नाहीतर पुढच्या महिन्यात तो मरणार, आणि त्याबरोबर धर्मशाळा, चौघं, वेणी, सगळं पुसलं जाणार. मी काहीच करायची गरज नव्हती. नुसतं थांबलो असतो तरी झालं असतं.

मी थांबलो नाही. हे काम येणारे सांगलीत दोघेच, त्यातला मी एक. जुना सेल सरळ काढला तर आठवण जाते. म्हणून आधी बाहेरून दोन बारीक वायरींनी दुसरा सेल शेजारी जोडायचा, त्याच्या जिवावर आठवण धरून ठेवायची, मग जुना काढून त्या जागी नवा बसवायचा. हात थरथरला तर संपलं. माझा हात थरथरला नाही. नवा सेल बसला, चांगला दहा वर्षांचा.

मला ती पाहिजे होती. वेणीसकट, जशी होईल तशी.

लावून बघितलं. चौघं धर्मशाळेत होती. वेणीखाली जमीन दिसत नव्हती.

७

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी अमोहमती माताजींचा केशलोच होता. बस्तीच्या पटांगणात मंडप घातला होता. केस झेलायचं ताट धरायचा मान आईला मिळाला होता. तिनं चार दिवस आधीपासून पितळेचं ताट चिंचेनं घासून ठेवलं होतं.

मी खांबाआड उभा राहिलो. सवयच ती.

माताजींचे केस बोटाच्या पेरापेक्षा लांब नव्हते. दोन-तीन महिन्यांत वाढतात तेवढेच. शेजारी वाटीत राख. चिमटी राखेत बुडवायची, केस धरायचे, ओढायचे, ताटात टाकायचे. त्या हे तांदूळ निवडावेत तशा करायच्या, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. बायका भजन म्हणत होत्या. पुढच्या बाजूचे केस गेले, कानावरचे गेले. मग त्यांनी हात मानेमागं नेला.

चिमटी धरली. ओढली. हात डोक्यावरून पुढं आला, पूर्ण लांब झाला, आणि केस संपला नाही.

मला वाटलं, सूत असेल, मंडपाच्या कापडाचा धागा असेल. उन्हाच्या तिरिपेत ती एकच काळी रेघ चमकत होती, मानेपासून बोटांपर्यंत ताणलेली. त्यांनी ती दुसऱ्या हातात गोळा केली आणि पुन्हा ओढली. पुन्हा हातभर. पुन्हा. दर वेळी मान मागं हिसकायची. बायकांचं लक्ष भजनाच्या वह्यांत होतं. आईला मोतीबिंदू. ती ताट धरून बसली होती आणि ताटात काळं वेटोळं पडत होतं.

मानेवर रक्ताचा ठिपका आला. त्यांनी डोळे वर केले आणि एवढ्या गर्दीतून सरळ माझ्या खांबाकडं बघितलं.

राग नव्हता. पण ती नजर मला समडोळीच्या माजघरातली ओळखीची होती. सुकू, खरं सांग रे.

८

लुना कशी चालवली आठवत नाही. शटर उचललं. टीव्ही मी लावला की तो लागलेलाच होता, तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धून वाजत नव्हती.

धर्मशाळेची खोली. तीन जणं कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून उभी. बाला मधोमध, माझ्याकडं पाठ. वेणी आता जमिनीवर पसरलेली नव्हती. ती तिच्या मानेपासून निघून सरळ, ताठ, काचेच्या डाव्या कडेबाहेर गेली होती. बाहेरून कुणीतरी ओढत होतं. हिसका बसला की ती मागं कलायची आणि पाय जागच्या जागी हलत राहायचे.

खाली चौकट उघडलेली होती. लढा, मंत्र, पळा. बाण 'पळा'वर होता. माझा हात कुठंच नव्हता. टिक्. इंग्रजी ओळ उमटली: पळता आलं नाही. चौकट पुन्हा उघडली. टिक्. पळता आलं नाही. टिक्.

किती वेळ चाललं असेल हे? आजच? की सहा वर्षं, दर तीन महिन्यांनी, या खणात, रुमालात?

"बाला," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

पाय थांबले. त्या गेममध्ये पाय कधी थांबत नाहीत. ती वळली. चेहरा म्हणजे चार ठिपके असतात, दोन डोळ्यांचे, दोन कशाचेही. नऊ वर्षांत मी त्या चार ठिपक्यांकडं नीट बघितलं नव्हतं. एवढंच सांगतो, की ती अठ्ठावीस वर्षांची होती, दमलेली होती आणि माझ्याकडं बघत होती. जास्त बघायची माझ्यात ताकद नव्हती.

मी कॅसेट उपसली. चित्र होतं तसं गोठलं. स्क्रू काढला. सोल्डरिंग गन थंड होती, तापायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं कुठली? स्क्रूड्रायव्हर सेलच्या खाली घातला आणि पाती वाकवून उचकटला. सेल फळीवर उडाला आणि गोल गोल फिरत पडला. मी तो खिशात टाकला. मग खाली बसलो आणि रडलो. दीक्षेला रडायचं राहिलं होतं, ते रडलो.

परत गेलो तेव्हा भजन संपलं होतं. आई ताट मांडीवर घेऊन, वर कापड झाकून बसली होती.

"कुठं गेलतास? या वेळेला लय केस निघालं रं. एक तर सपता सपंना. मग कट्‌दिशी तुटला, आनि माताजींनी असा श्वास सोडला बघ! त्याच्या फुडं सगळं सोपं झालं."

आम्ही दर्शनाला पुढं झालो. माताजींचं डोकं स्वच्छ होतं, चेहराही. वर्षानुवर्षांचं दुखणं उतरल्यावर माणूस दिसतं तशा त्या दिसत होत्या. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मी पार खाली वाकलो.

"वंदामि माताजी."

त्यांनी पिच्छी उचलून आशीर्वाद दिला आणि माझ्याकडं बघितलं. प्रेमानंच बघितलं, सगळ्यांकडं बघतात तसं.

"आपण कुठले?"

मी थांबलो. म्हटलं, नियम असेल. गर्दी आहे, मागच्या वेळी जीभ घसरली ती सावरत असतील. मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं. धंदाच आहे माझा, सुटलेला सांधा मला दिसतो. तिथं सांधाच नव्हता.

"इथलाच," मी म्हणालो. "वखारभागातला. टीव्ही दुरुस्त करतो."

"बरं. आणि या आपल्या आई का?"

आई हात जोडून उभी होती.

"व्हय माताजी. माझी आई."

त्यांनी आईलाही आशीर्वाद दिला आणि मागच्या बाईकडं वळल्या. "घरी सगळं निर्विघ्न आहे ना?"

बस्तीच्या पायऱ्या उतरताना आईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "आईलासुद्धा वळख दावली न्हाई. पोरीचा मोह सुटला बघ. आता खरी माताजी झाली."

खिशातला सेल मांडीला टोचत होता.

"व्हय आई," मी म्हणालो आणि केस नदीत सोडायला घाटाकडं न्यायचं ताट तिच्या हातातून घेतलं. ते जड होतं.